सल्ला मोफत, पॅराशूट आपापलं

स्कायडायव्हिंग करणारे एकमेकांना मोजकंच सांगतात: पट्टे पुन्हा तपास, उंचीमापकावर नजर ठेव, वारा बिघडला तर आज घरी जा. जुन्नर-आंबेगावात सल्ल्याची अशी कंजुषी नाही. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजनांनी २००४ साली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर घेतली, २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. इथल्या पारावर चर्चा एकच, काष्टा सुटला कसा नाही! नाणेघाटात पावसाळी वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, तेव्हा तिथं उडीला साधी छत्रीही पुरेल, हे मंचरच्या तज्ज्ञांचं मत. जीवधन किल्ल्याजवळच्या वानरलिंगी सुळक्यावर लटकलेल्या गिर्यारोहकालाही हेच तज्ज्ञ धीर देतात: "बिनधास्त या, खाली आम्ही आहोत!" आणि व्हिडिओसाठी मोबाइल आडवा धरतात.