कुलूप, किल्ली आणि कुरडया

"काहून हो मॅडम, यंदा सुट्ट्या रद्द झाल्या म्हणते तुमच्या?"

काकूंचा आवाज असा, की प्रश्न एकीला विचारला तरी चार घरची माणसं बाहेर येतात. अमरावतीतल्या आमच्या लेआउटमध्ये वॉल कंपाउंड मुळात छातीएवढं, त्यावर काकूंचे कोपर. पेपरवाला यायच्या आधी बातमी इथे पोचलेली असते. पेपर आला की तिच्यात फक्त दुरुस्त्या होतात. एप्रिल २०२२ चा दुसरा आठवडा, सकाळचे साडेसहा. काकू गच्चीवर कुरडया घालून उतरल्या होत्या, समोरचे भाऊजी कूलरच्या टाकीत पाईप सोडून उभे होते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या मॅडम स्कूटी बाहेर काढत होत्या. मी चहाचा कप घेऊन मधोमध. मला काही काम नव्हतं, म्हणूनच सगळं नीट ऐकू आलं.

"रद्द नाही झाल्या काकू," मॅडम म्हणाल्या. "२४ मार्चला शिक्षण खात्याचं पत्र निघालं. पहिली ते नववी आणि अकरावी, एप्रिलभर शाळा पूर्ण वेळ भरवा. शनिवारीही पूर्ण दिवस, रविवारी वाटलं तर. झालं! लोकांनी सुट्टीच रद्द करून टाकली. शेवटी मंत्रीबाईंना सांगावं लागलं, की सुट्टी जागच्या जागी आहे."

"वर्षा गायकवाड," भाऊजींनी नाव पुरवलं. ते बँकेतून निवृत्त झालेत. गल्लीला नावं आणि आकडे पुरवणं एवढंच काम आता उरलंय.

"अन् मंग?"

"मग काय, २ मेपासून सुट्टी. पुण्या-मुंबईकडे १३ जूनला शाळा उघडणार, आपल्याकडे २७ जूनला. ऊन आहे ना आपलं."

'ऊन आहे ना आपलं' हे मॅडम जरा अभिमानानेच बोलल्या. वैदर्भीय माणूस उन्हाला दिवसभर शिव्या देतो, पण पुण्याच्या पाहुण्याने दिल्या तर त्याला खपत नाही. त्या वर्षी तर हवामान खात्याचंच म्हणणं पडलं, की १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा मार्च इतका कधी तापला नव्हता. वरून कोळशाची टंचाई आणि लोडशेडिंग. त्यात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचं वीजबिल थकलेलं, म्हणजे पंखा फक्त बघायला. मार्च लागला की इकडे शाळा सकाळची होते ती लाड म्हणून नव्हे. मुंबईत बसून 'पूर्ण वेळ' लिहिणाऱ्याने एकदा टिनाच्या छपराखाली दुपारी तीनला पाढे म्हणून दाखवावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

भाऊजींचं मत वेगळं होतं. त्यांनी पाईप खाली ठेवला.

"मी स्पष्टच बोलतो मॅडम, राग मानू नका. मार्च २०२० ला कोरोनामुळे कुलूप लागलं. पहिली-दुसरीची लेकरं वर्गात बसली ती डिसेंबर २०२१ ला. जानेवारीत पुन्हा बंद. जवळजवळ पावणेदोन वर्षं! एवढं झाल्यावर एक मे महिना शाळा चालली तर काय बिघडते? पगार तर सगळा निघाला ना?"

स्कूटी पुन्हा स्टँडला लागली. हे पगाराचं वाक्य मॅडमनी तोवरच्या दोन वर्षांत भाजीवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं होतं. उत्तर तोंडपाठ होतं.

"२०२० च्या मे महिन्यात मी चेकपोस्टवर उभी होते भाऊजी. मग रेशनच्या दुकानावर. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी', ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी. फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा लॉकडाऊन लागला तो पहिल्यांदा आपल्याच अमरावतीत. तेव्हा परत सर्व्हे. माझी सुट्टी कधी झाली ते सांगा."

"तुमची नाही झाली हो. लेकरांची तर झाली?"

इथे मॅडम गप्प झाल्या. खरं सांगायचं तर यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि मॅडम उगाच बोलत राहिल्या नाहीत हे मला आवडलं.

ती जागा काकूंनी भरून काढली. "आमचा पोट्टा पाहा ना. पहिलीत गेला तो मोबाईलवर, दुसरीत गेला तोई मोबाईलवर. आता तिसरीत जाईन म्हणते. काना-मात्रा त्याले मालूम नाई अन् पास होऊन रायला!"

पोरगा हुशार आहे, हे मी शेजारधर्म म्हणून नाही, खरोखर सांगते. फोनचा माईक दाबून 'ट्रॅक्टरवाला व्हिडिओ लाव' म्हणतो, फोन लावून देतो. वाचण्याची वेळच येत नाही. परवा त्याला बिस्किटच्या पुड्यावरचं नाव वाच म्हटलं, तर चित्र बघून नाव सांगून मोकळा. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची तेव्हा काकू त्याला टीव्हीसमोर बसवायच्या. तो दहा मिनिटांत पसार व्हायचा आणि काकू शेवटपर्यंत बघायच्या. त्यांचा परिसर अभ्यास आता पक्का आहे. मग १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. मागच्या वर्षीचं राहिलेलं भरून काढायला. तोही आमच्या इथे त्याच फोनवर, आणि फोन काकांसोबत दुकानात.

"दहावीचं तर बोलूच नका," भाऊजी म्हणाले. "२०२१ ला परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के. मला शुगर आहे हे साऱ्या गल्लीला माहीत, तरी त्या दिवशी किती घरचे पेढे आले!"

हसणं झालं. मग मॅडमनी विचारलेला प्रश्न मात्र साधा होता: शाळा उघडली तर येणार कोण?

त्यांची शाळा चांदूर बाजाराकडच्या एका खेड्यात, चौथीपर्यंतची. पाचवीपासून पोरी मोठ्या गावी जातात. या पोरींना एसटीचा पास फुकट आहे, पण नोव्हेंबरपासून एसटीचाच संप चालू होता. म्हणजे कोरोनाने लावलेलं कुलूप निघालं, तर शाळेपर्यंत न्यायला गाडी नाही. ही गोष्ट त्या २४ मार्चच्या पत्रात कुठे बसवायची? मॅडमची धाकटी बहीण धारणीकडे मेळघाटात शिकवते. तिथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच अख्खं घर लेकरांसकट मोहफुलं वेचायला निघते. मोहफुलं संपली की मे महिन्यात तेंदूपत्ता. "तिथे मे महिन्यात शाळा भरवली तर वर्गात मास्तर अन् फळा, दोघंच," मॅडम म्हणाल्या.

आता मलाही राहवेना. माझी नणंद बीडला असते. तिकडचा हिशेब नेमका उलटा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि त्यांच्या मागे लेकरं. ज्यांची आजी धडधाकट ती गावात राहतात, बाकीची फडावर. कारखान्यांचा पट्टा पडला की माणसं परततात, मार्च-एप्रिलमध्ये, त्या वर्षी ऊस फार म्हणून त्याहून उशिरा. म्हणजे ही मुलं आपल्या गावात निवांत असतात ती मुळी उन्हाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद. यात कोरोनाचा काही संबंध नाही, हे कितीतरी वर्षं चालू आहे. त्या पोरांसाठी मे महिन्यात शाळा उघडा असं कोणी म्हणालं, तर मी पहिली सही करीन. धारणीसाठी म्हणालं तर करणार नाही.

"मंग आमच्यासाठी?" काकू.

"तुम्हीच सांगा. नातवाला पाठवाल मेमध्ये?"

काकूंनी कपाळाला हात लावला, तो चिकाचा होता हे विसरून. "अन् मामाच्या घरी केव्हा जाईन तो? दोन सालांपासून तिकडेई नाई गेला. शाळा बुडली तशी सुट्टीई बुडलीच ना त्याची!"

या वाक्यावर मी अजून विचार करतेय. सगळे बुडालेल्या शाळेचा हिशेब मांडत होते, बुडालेल्या सुट्टीचा कोणीच नाही. २०२० चा मे घरात कोंडून गेला, २०२१ चा मे तर कोणाच्याच वाट्याला येऊ नये असा गेला. आमच्या गल्लीत त्या दोन उन्हाळ्यांत एकही पोर चिंचेच्या झाडावरून पडलं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाने मामाकडे जाऊन मामेभावंडांशी भांडायचं असतं, पत्त्यांत रडी करायची असते. ते शिकवायला कुठलाही सेतू अभ्यासक्रम निघालेला नाही. मॅडमचीही तिकिटं काढलेली होती, चार महिने आधी. आईला त्या दोन वर्षांत धड भेटल्या नव्हत्या. हे त्यांनी अगदी खालच्या आवाजात सांगितलं, जणू आईला भेटणं म्हणजे कामचुकारपणा.

भाऊजी थोडे नरमले, पण आकडा सोडणार कसे. "सुट्टीत शाळा उघडतच नाहीत असं कोण म्हणते? दुष्काळात उघडतात. खिचडीसाठी. सुप्रीम कोर्टानेच २००४ ला सांगून ठेवलंय, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही लेकरांना जेवण द्या म्हणून."

हा मुद्दा मात्र त्यांनी झकास काढला. सुट्टीत कुलूप निघतं, चूल पेटते, पोरं पंगतीला बसतात, हे महाराष्ट्राने केलेलं आहे. मग खिचडी शिजेपर्यंतचा तासभर गोष्टीच्या पुस्तकाला द्यायला काय हरकत? पाऊस पडला नाही की आपण आणेवारी काढतो. त्या दोन वर्षांत अक्षरांची आणेवारी कोणी काढली असती तर राज्याच्या नकाशावरचं गावन् गाव दुष्काळी निघालं असतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. मे महिन्यात शाळा भरवायचा हुकूम नको, शाळेची किल्ली गावात हवी. उघडायची की नाही हे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावं. ती प्रत्येक गावात कागदावर तरी आहेच. भरवायची तर सकाळी सात ते साडेनऊ, हजेरीपट न काढता. जे शिक्षक येतील त्यांना त्या दिवसांची अर्जित रजा द्यावी, सुट्टीत काम घेतलं तर ती द्यायचा नियमच आहे, मेहेरबानी नव्हे. आणि पोर्शन हा शब्द त्या महिन्यात कोणी काढू नये. मार्चच्या पत्राची खरी खोट उन्हात नव्हती, ती तिथे होती: अभ्यासक्रम राहिलाय, तो संपवा. दुसरीचं पुस्तक संपवून काय करायचं, पहिलीचंच उघडलेलं नसताना? तिसरीतल्या पोराला जूनमध्ये तिसरीचं पुस्तक देण्याआधी दोन महिने नुसतं वाचायला शिकवा म्हणावं. मॅडम म्हणाल्या, त्या तसंच करणार आहेत, कोणाला न विचारता. मी हे छापतेय, पण त्यांचं नाव सांगणार नाही.

एवढ्यात भाऊजींच्या कूलरची टाकी भरून पाणी रस्त्यावर आलं, मॅडमना उशीर झाला, आणि वर गच्चीवर चिमण्यांनी कुरडयांना तोंड लावलं. सभा तिथेच बरखास्त. पण ठरलं ते ठरलं. मॅडमचा पोर्च, भाऊजींचे पाढे, माझ्याकडची गोष्टींची पुस्तकं, आणि काकूंचं ताक. २ मेपासून सकाळी सात ते साडेआठ, ज्यांना यायचं त्यांनी यावं. पाटी घरून आणावी, मोबाईल आणू नये. काकूंचा नातू येतो म्हणालाय, मामाकडून आल्यावर.

तुमच्या गावच्या शाळेची किल्ली सुट्टीत कोणाकडे असते, तेवढं विचारून ठेवा.