सुधारणेस वाव : आहे, पण घाई नाही

आप्पांनी कौतुक केलं की समजावं, एक काम जन्मभरासाठी गळ्यात पडलं. एका कारकुनाला ते म्हणाले, "काय अक्षर आहे हो तुमचं!" तेव्हापासून सत्यनारायणाच्या आमंत्रणापासून थकबाकीदारांच्या यादीपर्यंत शाखेतला प्रत्येक कागद तो बिचारा एकटा लिहितो आहे. मला म्हणाले, "मराठी लिहावी तर तुम्ही." झालं! निरोपाची भाषणं आणि शोकठराव माझ्याकडे लागले.

असे आप्पा बहुतेक कचेऱ्यांत एखादे तरी असतात. आमचे तालुक्याच्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहेत. अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चार अक्षरांपलीकडे चालत नाही, म्हणून ते सहीसाठी राखलेलं. माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच हिशेब. "कारलं गोड करत बसू नका, भाजी करा," हे त्यांचं आवडतं वाक्य.

शाखेतला सगळ्यात अबोल मुलगा त्यांनी वसुलीला धाडला, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. हा मुलगा थकबाकीदाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. नमस्कार करतो, चहा दिला तर घेतो, आणि मग काहीच बोलत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. आतून म्हातारी विचारते, "कोण रे बसलंय?" शेजारी डोकावून जातात. शेवटी घरधनीच कासावीस होतो, आत जातो आणि निदान एक हप्ता तरी आणून ठेवतो. दुसरा एक जण इतका संशयी, की सुटे परत घेतले तरी नाणी उलटीपालटी करून बघतो. आप्पांनी त्याला कर्जाचे कागद तपासायला बसवलं. जामीनदाराच्या सातबाऱ्यावर एक गट नंबर आणि अर्जावर दुसरा असला, तर फाइल त्याच्या टेबलावरून हलत नाही.

मुख्य कार्यालयानं एकदा सगळ्या शाखाधिकाऱ्यांना प्रशिक्षणाला बोलावलं. पीटर ड्रकर यांनी 1967 सालीच आपल्या पुस्तकात माणसाच्या बळावर काम उभं करा असं सांगितलं, डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या चाचणीत माणसाचे गुण 34 प्रकारांत मांडलेत, असं बरंच काही तिथं सांगितलं गेलं. आप्पांच्या लक्षात राहिली ती लिंकनची गोष्ट. सेनापती ग्रँट दारू पितो अशी ओरड असूनही लिंकननं 1864 मध्ये सगळं सैन्य त्याच्या हाती दिलं, कारण तो लढाया जिंकत होता. परत आल्यावर आप्पा चहा ओतता ओतता म्हणाले, "लिंकनला वसुली कळत होती."

वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात 'सुधारणेस वाव' असा एक रकाना असतो. आप्पा सगळ्यांच्या फॉर्मवर एकच मजकूर लिहितात : 'आहे, पण घाई नाही.' वरून खुलासा मागवला जातो. खुलासा मी लिहितो.

म्हणून ते सगळंच चालवून घेतात असं नाही. कॅश जुळली नाही, तर रुपयासाठीसुद्धा शाखा बंद होत नाही. तिथं कुणाचा स्वभाव, कुणाचं बलस्थान, काही चालत नाही. "काम अडवतो तो दोष दुरुस्त करायचा," ते म्हणतात, "नुसता डोळ्यांत खुपतो त्याची सवय करून घ्यायची."

त्यांचा स्वतःचा दोष एकच : त्यांना रागावता येत नाही. प्रयत्न केला तर मध्येच हसू फुटतं. त्यावरही त्यांनी तोड काढली आहे. चूक झाली, की ते आपल्याला घेऊन कॅशिअरबाईंच्या खिडकीशी जातात आणि अदबीनं म्हणतात, "बाई, यांना जरा बोला. मला जमत नाही." बाई हातातलं नोटांचं बंडल बाजूला ठेवतात, चष्मा वर सरकवतात आणि आपली मागची सात वर्षं बाहेर काढतात. आप्पा शेजारी उभे राहून मनापासून दाद देत ऐकतात.