पितृपक्षातली विंडोज

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी बाजारात आली, हे मला पुतण्याने सांगितलं. त्या दिवशी पितृपक्षातली चतुर्दशी होती आणि दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, हे आईने सांगितलं.

"पितृपक्षात आपण साधी सुई घेत न्हाय," आई म्हणाली, "आन् ह्यांनी अख्खी इंडोज काढली?"

आईचं वय ऐंशीच्या पुढे. संगणकाला ती हात लावत नाही. लावलाच तर वहिनींनी जुन्या लुगड्यातून शिवलेलं त्याचं झाकण सरळ करायला. पण माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तिच्याकडे कालनिर्णयचे गठ्ठे आहेत. कालनिर्णय १९७३ पासून निघतंय, आणि आमच्या भिंतीवरून उतरलेलं एकही आईने चुलीत जाऊ दिलेलं नाही. कारण त्यांच्या चौकोनांत आमच्या घराचा इतिहास आहे: गाय कधी भरवली, कधी व्याली, सिलिंडर कधी लावला, भाताच्या लावणीला कोण किती दिवस आलं आणि कोण नुसतंच जेवून गेलं. या पेटीला पासवर्ड नाही, आणि तिचा सपोर्ट कधी संपणार ते विचारायची हिंमत घरात कोणाची नाही.

वेल्ह्याहून केळद आणि पुढे मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची पासली. पावसाळ्यात वीज आणि रेंज ही दोन्ही एकाच वेळी घरात सापडली तर सुनेने सासूला हाक मारून दाखवावीत अशी परिस्थिती. मी पुण्यातली नोकरी संपवून गावी परतलो तेव्हा सोबत एक संगणक आणला, २०१६ साली असेंबल करून घेतलेला. त्यावर विंडोज १०. दादाचा दुधाचा हिशेब, वहिनींच्या बचत गटाचं खातं, पुतणीचा अभ्यास आणि गावच्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका असं सगळं त्याच्यावर सुखाने नांदत होतं. मग पडद्यावर निरोप यायला लागला: १४ ऑक्टोबर २०२५ नंतर या विंडोजला सपोर्ट नाही.

हिंजवडीला कामाला असलेला पुतण्या शनिवारी घरी आला होता. त्याने ओसरीवर सगळ्यांना गोळा करून सांगितलं की कंपनी दर महिन्याला या विंडोजची भोकं बुजवते, ती आता बुजवणार नाही. भोकांतून चोर येतात. नवी विंडोज घ्यावी तर आपल्या मशीनला ती चालत नाही. तिला इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो, आपला सहाव्या पिढीचा. शिवाय टीपीएम २.० नावाची एक चिप लागते.

"ती काय करती?" दादाने विचारलं.

"किल्ल्या सांभाळते, अण्णा. गुप्त किल्ल्या आत ठेवते."

दादाने दाराच्या चौकटीकडे पाहिलं. घराची किल्ली तिथेच वर असते, हे आम्हाला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि शेजाऱ्यांच्या पाहुण्यांना माहीत आहे. संगणकाचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे. चिपसाठी नवा संगणक घ्यावा हे दादाला पटण्यासारखं नव्हतं.

त्यात पुतण्याच्या तोंडून निघून गेलं की विंडोज १० ही शेवटचीच विंडोज, यापुढे नवी नाही, असं कंपनीच्याच एका माणसाने २०१५ साली एका परिषदेत बोलून दाखवलं होतं.

"म्हंजी 'ही माझी शेवटची निवडणूक' म्हणत्यात तसं," दादा म्हणाला, आणि त्याचं मत तिथेच पक्कं झालं. राजकारणात पन्नास वर्षं कान देऊन बसलेल्या माणसाला वेगळा पुरावा लागत नाही.

आईने एकच विचारलं. "वार कोणता?"

"मंगळवार, आजी."

"मागची कधी बंद केली हुती?"

पुतण्याने मोबाइलवर पाहिलं. विंडोज ७ चा सपोर्ट संपला तो १४ जानेवारी २०२०, मंगळवार. एक्सपीचा संपला ८ एप्रिल २०१४, तोही मंगळवार. मी माळ्यावर चढून पेटी उतरवली. २०१४ च्या एप्रिलात ८ तारखेला रामनवमी होती, म्हणजे गावात रामजन्माचा पाळणा हलत होता तेव्हा एक्सपी गेली. विंडोज ७ गेली ती भोगीच्या दिवशी. आमच्या घरात त्या दिवशी बाजरीच्या भाकरी आणि मिसळीची भाजी झाली होती, आणि आपण कोणाच्या तेराव्याचं जेवतोय याची कोणाला कल्पना नव्हती.

कंपनीने २००३ सालापासून दुरुस्त्या सोडायला महिन्यातला दुसरा मंगळवार धरला आहे, म्हणून शेवटही मंगळवारीच होतो, असं पुतण्याने समजावून सांगितलं. आईला ते मान्य होतं. "बंद करायला मंगळवार चालतो," ती म्हणाली, "चालू करायला चालत न्हाय."

इथून पुढे तो दिवस संशोधनात गेला. विंडोजच्या यशापयशावर जगभरात पुष्कळ लिहिलं गेलंय, पण पंचांगाच्या अंगाने कोणी पाहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. विंडोज ९५ आली २४ ऑगस्ट १९९५ ला. अमेरिकेत लोक मध्यरात्री दुकानांपुढे रांगा लावून उभे होते, आमच्याकडे गणपती पाच दिवसांवर आले होते आणि रांग होती ती रॉकेलची. गणपतीच्या तोंडावर आलेली गोष्ट फळणारच. एक्सपी आली २५ ऑक्टोबर २००१ ला, दसऱ्याच्या उंबऱ्यावर. ती साडेबारा वर्षं टिकली आणि अजूनही तिचं नाव काढलं की माणसं हळवी होतात. विंडोज ८ आली २६ ऑक्टोबर २०१२ ला, म्हणजे दसरा होऊन दोन दिवसांनी, शिळं सोनं घेऊन. तिच्यात स्टार्टचं बटणच नव्हतं. लोकांनी वर्षभर बोंब मारली, तेव्हा ते ८.१ मध्ये परत आलं. व्हिस्टा आमच्याकडे आलीच नाही. रस्ता खराब होता.

"आन् ही दहावी?"

२९ जुलै २०१५. आषाढी एकादशी २७ ला होती.

"देव झोपल्यावर दोन दिसांनी काढली," आई म्हणाली. "त्याला कळलंच नसंल. म्हणून चालली धा वर्सं."

पुतण्या संगणकशास्त्राचा पदवीधर आहे. तो काही बोलला नाही, पण त्याने तारखा मोबाइलमध्ये टिपून घेतलेल्या मी पाहिल्या.

दादाच्या मनातली विंडोज अजूनही एक्सपीच आहे, आणि तीही त्या पडद्यावरच्या हिरव्या टेकडीमुळे. निळं आभाळ, पांढरे ढग आणि लुसलुशीत चढ. ते चित्र श्रावणात आमच्याच बाजूला कोणीतरी काढलंय, असं तो वर्षानुवर्षं सांगत असे. खरं तर तो फोटो चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात सोनोमा भागात काढला. तिथे द्राक्षबागा असतात, पण मुळांना फायलोक्सेरा नावाची कीड लागल्यामुळे त्या टेकडीवरच्या वेली काढून टाकल्या होत्या, म्हणून नुसतं गवत माजलं होतं. हे सगळं मी दादाला सांगितलं. कॅलिफोर्नियाचं त्याला काही वाटलं नाही. कीड लागून बाग गेलेल्या शेतकऱ्याचं मात्र वाईट वाटलं. "बिचाऱ्याची बाग गेली," तो म्हणाला, "आन् जगानं फोटू लावला."

वहिनींचं म्हणणं थोडक्यात होतं. मुलीच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर त्यांनी विंडोज ११ पाहिली होती. त्यात स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उचलून खाली मधोमध आणून ठेवलंय. "तुळस अंगणातून काढून माजघरात आणल्यासारखं," वहिनी म्हणाल्या. "बघायला बरंय. पण पाय तिकडंच जातात."

ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारा मुलगा तर हात जोडूनच आला. "काका, अजिबात हलवू नका. नवीनवर अंगठ्याचं मशीन धरत नाही, मग दाखल्याला माणसं माझ्या नावानं ओरडतात." आमच्या संगणकाला अंगठ्याचं मशीन नाही हे त्याला ठाऊक होतं. तो तत्त्वाचा प्रश्न म्हणून आला होता. न्यू जर्सीच्या मावसभावाने फोनवर सांगितलं की तीस डॉलर भरले की आणखी एक वर्ष दुरुस्त्या मिळतात. म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर. हे दादाला दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण जुन्या मशीनवर जुनीच विंडोज जुन्यासारखीच चालावी म्हणून नवे पैसे द्यायचे, ही कल्पना त्याला लुबाडणूक वाटली.

गावातल्या मास्तरांना या सगळ्याची गरजच वाटत नव्हती. मास्तर लिनक्सचे. सी-डॅक पुण्याचं, त्यांनी 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स केली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली उबुंटूवर आधारलेली 'माया' घेतली. मग पासलीने काय घोडं मारलंय? फुकट आहे, व्हायरसचा ताप नाही, सहाव्या पिढीवर पळते. खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. ते पेन ड्राइव्ह घेऊन आले, संगणक त्याच्यावरून सुरू केला, आणि तो आमच्या नेहमीच्या विंडोजपेक्षा लवकर सुरू झाला. वहिनी प्रभावित झाल्या. मग दादा म्हणाला, "पत्रिका उघडा."

सप्ताहाची पत्रिका २००६ पासून एकाच फाइलमध्ये आहे. दरवर्षी तिथी बदलायची, कीर्तनकार बदलायचे, अन्नदात्यांची यादी बदलायची. बाकी विठोबा तोच. ती टाइप झालीय श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. त्या काळच्या फॉन्टांत आतून सगळी इंग्रजी अक्षरंच असत, वरून फक्त मराठीचा अंगरखा. फॉन्ट आहे तोवर ह.भ.प., नाही तर नुसते डॉलर, टक्के आणि कंस. मास्तरांच्या लिनक्सवर तो फॉन्ट नव्हता. पडद्यावर 'काकड आरती' उघडली ती अशी, की आईने चष्मा पुसला.

"हे कुणी केलं?" आई म्हणाली.

मास्तरांनी युनिकोडवर छोटंसं व्याख्यान दिलं. मराठीची अक्षरं आता जगभर एकाच क्रमांकाने ओळखली जातात, २००० सालच्या विंडोजपासून त्यासाठी मंगल नावाचा फॉन्ट आलेला आहे, तेव्हा पत्रिका एकदा युनिकोडमध्ये नेली की कोणतीही सिस्टिम येवो वा जावो. हे व्याख्यान आमच्या घरात झालेलं सगळ्यात उपयोगी बोलणं होतं आणि त्याच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. सगळे काकड आरतीकडे पाहत होते.

पुतणीने मूळ विंडोजवर जाऊन फाइल रूपांतरित केली. बहुतेक सगळं जागेवर आलं, फक्त रफार एकेक घर सरकले. 'कीर्तन' चं 'कीतर्न' झालं आणि 'आशीर्वाद' चा 'आशीवार्द'. दुरुस्त करायला घर, शेजार आणि सप्ताह कमिटी बसली, आणि पत्रिकेच्या तळाशी येऊन अडली: मु. पो. पासली, ता. वेल्हे. तालुक्याचं नाव २०२४ साली राजगड करण्याचा निर्णय झाला. नाव बदललं, तहसील कचेरी मात्र वेल्ह्यातच. ऑनलाइन अर्ज भरताना एके ठिकाणी यादीत राजगड सापडतो, दुसरीकडे वेल्हे. कमिटीतल्या तरुणांना राजगड हवा होता. म्हाताऱ्यांचं म्हणणं, कीर्तनकाराची गाडी राजगडाच्या पायथ्याला जाऊन उभी राहिली तर? त्यातल्या एकाने समोरच्या डोंगराकडे बोट केलं. महाराजांनी त्या किल्ल्याचं नाव प्रचंडगड ठेवलं होतं, पण पावणेचारशे वर्षं झाली, माणसं तोरणाच म्हणतात. महाराजांना जमलं नाही ते... असं म्हणून तो थांबला, कारण पुढे काहीही म्हटलं असतं तर वाद पेटला असता. शेवटी 'ता. राजगड (वेल्हे)' ठरलं. विंडोजबद्दल त्या बैठकीत कोणी शब्दही काढला नाही.

दरम्यान पुतण्याने शोधून काढलं की संगणकाच्या सेटिंग कंपनीच्या खात्यावर जमा ठेवायला कबूल झालं, तर ते जादा वर्ष पैसे न भरता मिळतं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. फुकट म्हटल्यावर दादाचा विरोध वितळला. आईने पाडवा काढून दिला, २२ ऑक्टोबर, साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. जुन्या मशीनला अर्धा पुरे, असं तिचं मत पडलं.

पाडव्याला सकाळी ओवाळणी झाल्यावर बसलो. खातं उघडायला ओटीपी लागतो. ओटीपी दादाच्या मोबाइलवर येणार, आणि दादाच्या मोबाइलला रेंज देवळाच्या पायरीवर. दादा पायरीवर, पुतणी वाटेत, वहिनी दारात, पुतण्या संगणकापुढे अशी साखळी लावली. दादाने आकडे ओरडले. ते घरात पोचेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्या खेपेला सहाचे नऊ झाले. तिसऱ्या खेपेला देवळात बसलेल्या सगळ्यांनीच सुरात आकडे म्हटले आणि काम झालं. गुप्त आकडा कोणालाही सांगू नका, असं त्या संदेशात शेवटी लिहिलेलं असतं. आता तो निम्म्या आळीला पाठ आहे.

पुतण्याने संगणक बंद करून झाकण घातलं. "पुढच्या ऑक्टोबरपर्यंत काळजी नाही, आजी. मग मात्र नवीन घ्यावा लागेल."

"संपतंय कधी म्हणालास?"

"१३ ऑक्टोबर. मंगळवार."

आईने हात पुढे केला. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलेलं होतं. तिने ऑक्टोबरचं पान काढलं, बोट फिरवलं. तेरा तारखेला नवरात्रातली तिसरी माळ.

"नवरात्रात न्हाय. दसऱ्याला घिऊ. ईस तारीख."

पुतण्या वाकून पाहायला लागला. "आजी, दसराही मंगळवारीच आहे."

"दसऱ्याला वार बघत न्हाईत," आई म्हणाली. "कंपनीला कळव."