निसर्ग कुशीला, संडास उशाला

न्यूझीलंडमध्ये कॅम्पर व्हॅन भाड्याने घेताय? खिडकीतून डोंगर कसा दिसेल ते नंतर, आधी संडास पाहा. नगरपालिकेच्या जागेत फुकट मुक्काम टाकायचा, तर २०२३च्या कायद्याप्रमाणे तो गाडीत पक्का बसवलेला हवा. शिवाय बिछाना अंथरलेला असतानाही वापरता यायला हवा. म्हणजे एकाने बसायचं, दुसऱ्याने गाढ झोपेचं सोंग आणायचं. (नवविवाहितांनी हॉटेलच बघावं.) पाणी माणशी रोज चार लिटर, तीन दिवस पुरेल इतकं. मैल्याची टाकी ठरलेल्या डंप स्टेशनवरच ओतायची. हे काम, का कोण जाणे, ‘मुक्त भटकंती’वर सर्वांत जास्त बोलणाऱ्याच्याच वाट्याला येतं. रबरी हातमोजे न्याच. इन्स्टाग्रामवर ते कुणी दाखवत नाही.