कूलडाऊन काका

तळोज्यात राहणाऱ्याला डोकं तापवायला कारण शोधावं लागत नाही. सकाळी नळाला करंगळीएवढी धार, दुपारी टँकरची वाट आणि रात्री एमआयडीसीकडून येणारा वास. अशा ठिकाणी दर सोसायटीला एक कूलडाऊन काका असतोच. आमचे काका रिटायर्ड आहेत. अंगात हाफ पँट, एका हातात मोबाईल आणि दुसरा हात, दूध उतू जाताना गॅस बारीक करावा तसा, कायम खाली-खाली. "कूल डाऊन, कूल डाऊन!"

परवा बी विंगच्या वहिनी वॉचमनला एवढंच विचारत होत्या, "दादा, टँकर किती वाजता येणार?" तेवढ्यात जिन्यावरून काका उतरले.

"वहिनी, कूल डाऊन!"

"मी कुठं चिडलेय?"

"तेच म्हणतोय, चिडू नका. बीपी वाढतं."

"अहो काका, मी चिडलेलीच नाहीये!"

"बघा, आवाज चढला."

मग मात्र वहिनींचा आवाज खरोखरच चढला. ए विंगच्या गॅलऱ्या भरल्या. काका जमलेल्यांकडे वळून म्हणाले, "मी मघापासून काय सांगतोय?"

मंत्र एकच, पण माणूस बघून त्याचा अर्थ फिरतो. पोरांना म्हटलं, की 'क्रिकेट बंद, घरी पळा'. सर्वसाधारण सभेत म्हटलं, की 'तुम्ही बसा, आता मी बोलणार'. काकूंना म्हणायची मात्र त्यांची अजून छाती झालेली नाही. एक गोष्ट पक्की : कोरड्या नळाखाली बादली घेऊन बसलेल्याला ते 'कूल डाऊन' सांगतात आणि पाणी सोडायचं विसरलेल्याला, "साहेब, बघा सवडीनं. चहा घेणार?"

काकांची तपश्चर्या मोठी आहे. 1 मे 2011 ला नवी मुंबई मेट्रोचा नारळ फुटला, तेव्हापासून ते लोकांना शांत करताहेत. खांब उभे राहिले, स्टेशनं झाली, गाडी काही येईना. बेलापूर ते पेंधर अकरा स्टेशनं, अकरा किलोमीटर. गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. "बघा, आली की नाही? उगाच बारा वर्षं तापलात," काका म्हणाले.

ऑगस्ट 2017 मध्ये तर इथली भटकी कुत्री निळी झाली. कारखान्याचा रंग कासाडी नदीत गेला आणि कुत्र्यांच्या अंगावर आला. बातमी देशभर झाली, प्रदूषण नियंत्रण मंडळानं तो कारखाना बंद करायला लावला. सोसायटीत लोक संतापले होते. काका म्हणाले, "कूल डाऊन. निळा रंग डोळ्यांना थंड असतो."

यंदा मे महिन्यात काका गावी गेले. टँकर पुन्हा दोन तास उशिरा आला. मध्ये पडायला कुणीच नसल्यामुळे वहिनींनी टँकरवाल्याला गेटवरच उभं करून सगळ्यांदेखत झाडला. टँकरवाला खाली मान घालून ऐकत राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून सातच्या ठोक्याला हजर होऊ लागला.

परत आल्यावर काकांनी सकाळी भरलेल्या टाक्या बघितल्या. वहिनींना गाठून मोठ्या कौतुकानं म्हणाले, "पाहिलंत? शांतपणे घेतलं की कामं कशी होतात ती!"