चिक्कीसोबत काय घ्याल?

कॅनडात आइस वाइन म्हणवून घ्यायचं तर द्राक्षं वेलीवरच गोठावी लागतात, उणे ८ अंशांवर. लोणावळ्यात गोठतो तो फक्त रविवार संध्याकाळचा घाट. तरी तुंगार्लीतल्या एका बंगल्यात यजमानांनी ती अंगठ्याएवढ्या पेल्यांत ओतली आणि नियम सांगितला: वाइन गोडाहून गोड हवी. समोर गोड म्हणून काय, तर शेंगदाण्याची चिक्की! गुळापुढे त्या उंची वाइनचं पार लिंबूपाणी झालं.

"जर्दाळूचा सुगंध येतोय ना?"

मी मान डोलावली. दाढेत चिक्की बसल्यावर मतभेद व्यक्त करता येत नाहीत. कुणीतरी नाशिकची, उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लाँची गोड बाटलीही आणली होती. ती उघडलीच नाही. पुरेशी लांबून आली नव्हती ना!