पाण्याबाहेर पडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

अवघडलेपण व्यक्त करण्यासाठी इंग्रजीने जे वाक्प्रचार बाजारात आणले आहेत, त्यांत 'फिश आउट ऑफ वॉटर' हा सर्वांत सहज मिळणारा, आणि म्हणूनच सर्वांत हलगर्जीपणे वापरला जाणारा. नव्या ऑफिसातला पहिला दिवस असो, बड्या लग्नातला बुफे असो की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाललेली शेअरबाजाराची चर्चा असो, माणूस स्वतःला पाण्याबाहेरचा मासा जाहीर करून मोकळा होतो. मासा बोलत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने हरकत कुणी घेत नाही. ती घेणे हा या मार्गदर्शनाचा हेतू आहे. नियम तसा एकच: मासा होण्याआधी अर्जदाराला आपले पाणी कुठले, हे दाखवता आले पाहिजे. ज्याला कुठेच करमत नाही, घरी नाही, दारी नाही, तो मासा नव्हे. तो नुसताच कुरकुऱ्या. त्याच्यासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही.

आधी मूळ प्राण्याची चौकशी करू. पाण्याबाहेर मासा का मरतो, असे विचारले तर दहांतले नऊ जण 'त्याला श्वास मिळत नाही म्हणून' असे सांगतील. पण श्वासाला लागणारा प्राणवायू बाहेर भरपूर असतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्के, म्हणजे लिटरमागे दोनशे मिलिलिटरच्या वर. पाण्यात विरघळलेला असतो तो लिटरमागे जेमतेम काही मिलिलिटर. अडचण आहे ती कल्ल्यांची. कोळीण मासा ताजा आहे हे पटवायला जे लालभडक कल्ले उचलून दाखवते, त्यांच्या बारीक झालरी पाण्यात मोकळ्या तरंगतात. पाणी गेले की त्या एकमेकींना चिकटतात आणि प्राणवायू घ्यायला जागाच उरत नाही. मासा मरतो तो टंचाईने नव्हे, समृद्धीत. वाक्प्रचार वापरणाऱ्याने हे मनावर कोरून ठेवावे. बुफेत जेवण संपल्यामुळे तुम्ही हातात ताट घेऊन ताटकळत असाल, तर ती नुसती गैरसोय. बावीस पदार्थ समोर वाफाळत असताना कुठला कशाबरोबर खायचा, हे कळेना म्हणून तुम्ही पापडावर पापड घेत असाल, तर मात्र तुमचा अर्ज विचारात घेता येईल.

आता पाणी कशाला म्हणायचे ते. ते ओले असलेच पाहिजे असे नाही. इजिप्तमधले संन्यासी संत अँथनी यांचे चरित्र अथेनेशियस यांनी चौथ्या शतकात लिहिले. त्यात अँथनी सांगतात, की मासे कोरड्या जमिनीवर रेंगाळले तर मरतात, तसे साधू लोकांत रेंगाळले तर त्यांची साधना ढिली पडते. म्हणून माशाने समुद्राकडे धावावे तसे आपण डोंगराकडे धावावे. हा डोंगर होता वाळवंटात. म्हणजे या उपमेच्या अगदी जुन्या वापरांपैकी एका वापरात 'पाणी' होते वाळवंट आणि 'कोरडी जमीन' होती नाईलकाठची गजबज! पुढे हजार वर्षांनी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये हीच उपमा एका मठवासी साधूच्या अंगावर येते. नियम सोडून मठाबाहेर भटकणारा साधू हा पाण्यावेगळा मासा, असे शास्त्रवचन. या गृहस्थाला शिकारीचे घोडे आणि भाजलेला राजहंस प्रिय. हे वचन त्याच्या लेखी एका कालवाच्याही किमतीचे नाही. मासा ठरवला गेलेला माणूस मासा व्हायला साफ नकार देतो, आणि नकार देतानाही तोंडात नाव येते ते दर्यातल्याच जिनसाचे.

या दोन दाखल्यांतून वापराचा एक नाजूक मुद्दा निघतो. अँथनी ही उपमा स्वतःला लावतात; चॉसरच्या साधूला मात्र ती लावली जाते जागेवर परत पाठवण्यासाठी. अमुक तुझे पाणी, तिथेच पोह. आजही 'ही इथे अगदी पाण्याबाहेरच्या माशासारखी दिसते' असे तिसऱ्याच्या कानात म्हणणाऱ्याच्या मनात सहानुभूतीपेक्षा हद्दीची आखणीच जास्त असते. म्हणून शिफारस अशी, की हा वाक्प्रचार प्रथमपुरुषी एकवचनातच वापरावा. 'मी मासा' चालेल. 'ती मासा' म्हणण्याआधी तळे कुणी खणले हे विचारावे. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) या चित्रपटातल्या शशी गोडबोलेचे उदाहरण शिकाऊ उमेदवारांनी अभ्यासावे. लाडू विकणारी ही पुण्याची गृहिणी न्यूयॉर्कच्या कॅफेत साधी ऑर्डर देताना गांगरते, तेव्हा सगळे तिला परदेशात गेलेला मासा म्हणतील. पण नीट पाहा: मुलीच्या शाळेत, आपल्याच शहरात, इंग्रजीत बोलायची वेळ आली तेव्हाही ती तशीच कोरडी पडली होती. आणि लाडू वळताना ती कुठेही पाण्यात असते. पाणी नकाशावर शोधू नये, एवढा धडा यातून पुरे.

इतर गैरवापर थोडक्यात. पोट बिघडले असेल तर मासा नको; इंग्रजीत त्यासाठी हवामान आहे, माणूस 'अंडर द वेदर' होतो. निकालाची वाट पाहताना जीव टांगणीला लागला असेल तर पोटात फुलपाखरे सोडावीत किंवा तापल्या विटांवर मांजर चढवावे. मासा फक्त अस्थानी पडलेल्याला.

यावर भाषाभिमान्यांची हरकत ठरलेली: हा मासा आमच्याकडे असताना इंग्रजी कशाला? हरकत खरी आहे, आणि म्हणूनच अडचणीची. तुकोबांच्या एका अभंगात सासरी निघालेली, मागे वळून पाहणारी लेक येते, आई चुकलेले मूल येते आणि शेवटी पाण्यावेगळी मासोळी येते. तिथे पाण्यासाठी शब्द आहे 'जीवन', म्हणजे पाणी आणि प्राण एकाच शब्दात. ही मासोळी ग्लास हातात घेऊन कोपऱ्यात उभी नाही, ती विठ्ठलासाठी तळमळते आहे. मराठी मासा मरणाच्या दारात तडफडतो. इंग्रजी मासा फार तर घड्याळ बघतो. किटी पार्टीत कुणी ओळख करून दिली नाही, एवढ्यावर मराठीत मासा काढणे म्हणजे सर्दीला सुतक पाळणे. इंग्रजीत एका माशावर भागते तिथे आपण अवघडतो, बुजतो, बावरतो, कानकोंडे होतो, अंग चोरतो, चुळबुळतो, कसनुसे हसतो. आणि प्रकरण फारच चिघळले तर मासा पाण्यातून निघत नाही, उलट आपल्याच तोंडचे पाणी पळते.

दुसरी हरकत कोकणातून येईल, आणि तिला उत्तर देणे जास्त कठीण. खाडीच्या चिखलात निवटी असते. ओहोटीला ती बाहेर येते, चिखलावर सरपटते, उड्या मारते, डोळे गरगरा फिरवत पाहुण्यांची पाहणी करते. मग मासा पाण्याबाहेर अस्वस्थ असतोच, हा सिद्धांत कुठे राहिला? राहिला आहे. निवटी कल्ल्यांच्या पोकळीत थोडे पाणी साठवून नेते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते; कातडी सुकू लागली की चिखलात लोळते. म्हणजे तिने पाणी सोडलेले नाही, बरोबर घेतले आहे. हा प्रकार परगावी मेतकुटाचा डबा नेणाऱ्यांना समजावून सांगावा लागू नये.

तेव्हा अर्जदारांना सूचना: इंग्रजीत बोलत असाल आणि तुमचे तळे दाखवता येत असेल, तर मासा खुशाल वापरा. मराठीत बोलत असाल तर 'जरा अवघडल्यासारखं होतंय' म्हणा. यजमान लगेच खुर्ची सरकवतील आणि प्यायला पाणी देतील.